ओल्या डब्यातला बोआ

थंडीत पालघरमधल्या झाईच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या बोंबलांनी भरून जातात. रात्री जमिनीकडून सुटणारा कोरडा वारा मच्छीवाल्यांना हवाच असतो. त्याशिवाय बोंबील सुकायचे कसे? याच गावात कुणी रेनबो बोआचं पिल्लू पाळायला आणलं, तर मात्र तोच वारा पहिला वैरी ठरेल.

हा बोआ दक्षिण अमेरिकेतला, बिनविषारी साप. त्यातला सगळ्यात रंगीत प्रकार अ‍ॅमेझॉनच्या जंगलात राहतो. तांबूस-केशरी अंग, त्यावर काळी कडी. मादी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. जन्मतः पिल्लू हातभर लांब, करंगळीएवढं जाड. पुढे ते पाच-सहा फुटांचं होतं आणि नीट सांभाळलं तर वीस वर्षं जगू शकतं. उन्हात आलं की अंगावर निळी, हिरवी, जांभळी झाक सरकते. हा रंग खवल्यांचा नव्हे. खवल्यांवरच्या अतिसूक्ष्म रेघांमुळे प्रकाश फुटतो, बंदरातल्या पाण्यावर डिझेलचा तवंग चमकावा तसा.

पिल्लाला 80 ते 90 टक्के दमट हवा लागते. म्हणून जाळीच्या झाकणाच्या काचपेटीपेक्षा बारीक भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा डबा बरा. तळाशी भिजवलेला नारळाचा भुसा. तो किती ओला असावा? मुठीत दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून थेंब गळता कामा नये. जास्त ओला राहिला की बुरशी धरते, पोटाचे खवले कुजतात. कोरडा पडला की कातडीला सुरकुत्या येतात. एका कोपऱ्यात ओलं शेवाळ भरलेली लपायची डबी आणि पसरट भांड्यात पाणी, एवढं पुरे.

कात टाकायच्या आधी अंग निस्तेज होतं, डोळ्यांवर दुधी निळसर पडदा येतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि मग नाकापासून पायमोजा उलटा काढावा तशी कात अखंड उतरते. तुकड्यातुकड्यांनी निघाली तर डबा कोरडा होता असं समजायचं. डोळ्यांवरच्या टोप्या निघाल्या की नाही, हे उतरलेली कात उजेडात धरून बघायचं. अडकलेली टोपी नखाने काढायला जाणं म्हणजे डोळा गमावणं. आधी ओलावा वाढवायचा, तरी सुटली नाही तर पशुवैद्य.

खाणं सोपं. साधारण आठवड्याला एक उंदराचं पिल्लू, गोठवलेलं असेल तर पूर्ण वितळवून, कोमट करून. नंतर दोन दिवस त्याला उचलायचं नाही, नाहीतर खाल्लेलं बाहेर येतं. लहानपणी तो चावरा असतो. भीतीपोटीच.

परदेशी पुस्तकांचा सगळा भर डबा गरम ठेवण्यावर असतो. झाईत तो सल्ला थंडीच्या रात्रींपुरताच कामाचा. या सापाला 24 ते 29 अंश मानवतात आणि 32 च्या वर जीव धोक्यात येतो. इथली मे महिन्याची दुपार त्याच्याही पुढे जाते. एसी लावला तर हवा कोरडी. म्हणजे डबा घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, जमिनीलगत, आणि शेजारी तापमापक.

हौशीआधी कागद बघावेत. डिसेंबर 2023 मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडे बिस्किटं आणि केकच्या पुड्यांत दडवलेले 11 साप सापडले. त्यांत नऊ बॉल पायथन होते. रेनबो बोआही आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीत आहे. 2024 च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत त्याची नोंद परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणाऱ्याकडे कागद नसतील तर पिल्लू कितीही देखणं असो, परत फिरावं.

आणि बोआच्याच कुळातले दोन साप पालघरच्या मातीत आहेत: मांडूळ आणि दुरक्या घोणस. अंधश्रद्धेपायी मांडुळाची तस्करी होते, म्हणून तो दिसल्याची बातमीसुद्धा गावभर करू नये. हे साप घरात ठेवणं बेकायदा आहे, डबा कितीही ओला असला तरी. अंगणात दिसला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.