मिश्रजाती मत्स्यसमूहांतील सामाजिक वर्तन : स्वरूप, संशोधन पद्धती आणि मराठवाड्यातील संधी

प्रस्तावना :

मराठवाड्यातील प्राणिशास्त्र विषयाच्या पीएच.डी. प्रबंधांची शीर्षके पाहिली असता गोड्या पाण्यातील माशांचा अभ्यास प्रामुख्याने तीन अंगांनी झालेला दिसतो. एखाद्या तलावातील किंवा नदीतील मत्स्यवैविध्याची यादी, माशांच्या शरीरातील परजीवी कृमी आणि जलाशयाच्या पाण्याचे भौतिक-रासायनिक गुणधर्म. हे संशोधन मोलाचे आहे आणि पुढील कोणत्याही अभ्यासास ते पायाभूत ठरते. तथापि, यादीमुळे अमुक पाण्यात अमुक मासा आहे एवढेच कळते. तो मासा कोणाच्या सोबतीने राहतो, कोणामागे जातो, कोणाला पाहून सावध होतो, हे यादी सांगत नाही. प्राणिवर्तनशास्त्र या शाखेचे काम येथून सुरू होते.

प्रस्तुत लेखात मिश्रजाती मत्स्यसमूह म्हणजे काय, त्यांतील सामाजिक वर्तनाविषयी आजवर कोणते ज्ञान हाती आले आहे आणि वाशीसारख्या ग्रामीण तालुक्यातील महाविद्यालयास या विषयावर डॉक्टरेट पातळीवरील संशोधन करणे कितपत शक्य आहे, याचे विवेचन केले आहे. लेखासाठी प्रकाशित संशोधनाचा म्हणजेच दुय्यम स्रोतांचा आधार घेतला असून विवेचन वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने केले आहे.

संकल्पना : जमाव, समूह आणि थवा

या विषयात संज्ञांची काटेकोर मांडणी आवश्यक ठरते. एकाच ठिकाणी अनेक मासे आढळले म्हणजे तो समूह झाला असे नव्हे. अन्न, सावली किंवा प्राणवायू मिळतो म्हणून मासे एके ठिकाणी गोळा झाले असतील, तर त्यास जमाव म्हणावे. मासे परस्परांच्या ओढीने एकत्र राहत असतील, तर तो सामाजिक समूह होय. अशा समूहातील सर्व मासे एका दिशेने, एका गतीने आणि ठरावीक अंतर राखून पोहू लागले, तर त्यास शिस्तबद्ध थवा म्हणता येईल. ब्रिटिश अभ्यासक टोनी पिचर यांनी १९८० च्या दशकात हा भेद आग्रहाने मांडला आणि पुढील संशोधनात तो स्वीकारला गेला.

दोन किंवा अधिक जातींचे मासे अशा सामाजिक समूहात एकत्र असतील, तर तो मिश्रजाती समूह होय. आपल्याकडील संमिश्र मत्स्यशेतीचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. शेततळ्यात किंवा गावतळ्यात कटला, रोहू व मृगळ एकत्र सोडले जातात. कटला पृष्ठभागालगतचे, रोहू मधल्या थरातील आणि मृगळ तळाचे अन्न घेतो. त्यामुळे पाण्याच्या सर्व थरांचा उपयोग होतो. परंतु येथे या तीन जाती माणसाने एकत्र ठेवलेल्या आहेत. त्यांच्यात सामाजिक ओढ आहे की नाही, हा स्वतंत्र प्रश्न असून तो प्रयोगानेच सोडवावा लागतो.

एकत्र राहण्याची कारणे :

समूहजीवनाचा पहिला लाभ संरक्षणाचा आहे. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९७१ मध्ये ‘स्वार्थी कळपा’ची कल्पना मांडली. प्रत्येक प्राणी आपल्या व भक्षकाच्या मध्ये दुसरा कोणी यावा असा प्रयत्न करतो आणि त्यातून कळप घट्ट होत जातो, असे हे प्रतिपादन आहे. या युक्तिवादात मधे येणारा दुसरा प्राणी स्वजातीचाच असला पाहिजे अशी अट नाही. समूह मोठा असणे महत्त्वाचे. त्यामुळे परजातीची सोबतही उपयोगी पडू शकते.

दुसरा लाभ अन्नाचा आहे. पिचर, मॅगुरन आणि विनफिल्ड यांनी १९८२ मध्ये गोल्डफिश व मिनो या माशांवर प्रयोग करून मोठ्या समूहातील मासे अन्न लवकर शोधतात हे दाखविले. कॅरिबियन समुद्रातील पट्टेरी पोपटमाशांच्या अभ्यासातून १९७६ मध्ये आणखी एक बाब पुढे आली. डॅमसेलफिश हा लहान मासा आपल्या शेवाळाच्या क्षेत्रातून एकट्या पोपटमाशास हाकलून लावतो. मात्र समूह चालून आला की त्याचा बचाव अपुरा पडतो आणि समूहातील माशांना चरण्यास वाव मिळतो.

तिसरा लाभ माहितीचा आहे. कार्ल फॉन फ्रिश यांना मधमाश्यांच्या संशोधनाबद्दल सर्वजण ओळखतात. १९७३ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते. माशांवरील त्यांचे कार्यही तितकेच मूलगामी आहे. जखमी मिनोच्या त्वचेतून पाण्यात मिसळणाऱ्या द्रव्यामुळे इतर मिनो भयभीत होतात, हे त्यांनी १९३८ मध्ये निदर्शनास आणले. या ‘भयद्रव्या’स निकटच्या इतर जातीही प्रतिसाद देतात, असे पुढील अभ्यासांत दिसले. म्हणजेच एका जातीच्या माशावर ओढवलेले संकट दुसऱ्या जातीस इशारा ठरते.

एकत्र राहण्याची किंमत :

मिश्र समूहात राहणे नेहमीच लाभाचे नसते. लँडो आणि टरबोर्ग यांनी १९८६ मध्ये केलेला प्रयोग या संदर्भात वारंवार उद्धृत केला जातो. चंदेरी मिनोंच्या समूहावर बास या भक्षक माशास सोडले असता समूह जसजसा मोठा होत गेला, तसतसे त्याचे यश घटले. आठ सारख्या माशांच्या समूहापुढे तो जवळजवळ हतबल झाला. अनेक एकसारख्या सावजांतून एकावर लक्ष न ठरणे यास ‘संभ्रम परिणाम’ म्हणतात. मात्र त्याच आठांपैकी एक किंवा दोन मासे निळे रंगविल्यावर भक्षकाचे यश लक्षणीय वाढले. विशेष म्हणजे केवळ निळे मासेच नव्हे, तर त्यांच्यासोबतचे सामान्य मासेही अधिक प्रमाणात पकडले गेले. म्हणजे वेगळेपणाची किंमत वेगळ्याने तर मोजलीच, त्याच्या सोबत्यांनीही मोजली.

यावरून एक तर्क निघतो. परजातीचा सोबती शांततेच्या काळात उपयोगी आणि संकटात धोक्याचा ठरू शकतो. ॲलन आणि पिचर यांनी १९८६ मध्ये कार्प कुळातील माशांच्या मिश्र समूहांवर हा तर्क तपासला. धोका जाणवताच समूह जातिनिहाय विभागले गेले. वुल्फ यांनीही १९८५ मध्ये प्रवाळ खडकांवरील माशांत असेच निरीक्षण नोंदविले होते. संख्येने अल्प असलेल्या जातीचे मासे धोक्याच्या वेळी मिश्र समूह सोडून जातात. तात्पर्य, मिश्र समूह ही स्थिर रचना नसून प्रत्येक माशाच्या सततच्या निवडीचा तो परिणाम असतो.

सहकार्याची पुढील पायरी :

काही जातींमध्ये सोबत राहण्यापलीकडे जाऊन समन्वय घडतो. रेडोआन बशारी व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तांबड्या समुद्रातील ग्रूपर व मोरे या माशांच्या संयुक्त शिकारीचे वर्णन प्रसिद्ध केले. ग्रूपर मोकळ्या पाण्यात शिकार करतो. मोरे हा वामेसारख्या लांब शरीराचा मासा खडकाच्या फटीत शिरतो. ग्रूपर मोरेच्या बिळापाशी जाऊन डोके हलवून संकेत देतो आणि दोघे सोबत निघतात. सावजास फटीत लपता येत नाही आणि बाहेरही पळता येत नाही. लपलेल्या सावजाची जागा ग्रूपर डोके खाली करून दाखवितो, हे २०१३ मध्ये स्पष्ट झाले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अष्टपाद व मासे यांच्या शिकारी गटांत नेतृत्वाची विभागणी आढळली. मासे परिसर धुंडाळतात, तर गटाने केव्हा हालावे हे मुख्यतः अष्टपाद ठरवितो. सामाजिक बुद्धी ही सस्तन प्राण्यांचीच मिरास आहे, या समजास या निष्कर्षांनी छेद दिला.

भारतीय संदर्भ :

भारतात माशांच्या समूहवर्तनावर काम झाले आहे. केरळमधील बिनॉय व थॉमस यांनी २००४ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात पाणथळ जागी आढळणाऱ्या क्लाइंबिंग पर्च या माशाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. परिचित पण लहान समूह आणि अपरिचित पण मोठा समूह यांतून निवड करावयाची असता हा मासा मोठ्या समूहाकडे झुकतो, असे त्यांना आढळले. काचेच्या टाक्या, घड्याळ आणि चिकाटी यांच्या बळावर अशा स्वरूपाचे प्रश्न हाताळता येतात, ही बाब साधनांची टंचाई असलेल्या महाविद्यालयांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

दख्खनच्या माशांची शास्त्रीय ओळख मराठी भाषेशी जोडलेली आहे. मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी राहिलेले कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध करताना अनेक जातींना स्थानिक नावेच दिली. खुद्री, कोलस, मुल्या, बोगट, बालुकी ही नावे आजही त्या जातींच्या शास्त्रीय नावांत टिकून आहेत. ज्या पाण्यांतील माशांची नावे जगाच्या ग्रंथांत गेली, त्या पाण्यांतील माशांचे परस्परसंबंध मात्र जवळजवळ अनभ्यस्त राहिले आहेत.

वाशी परिसरातील संशोधनाच्या संधी :

वाशी तालुका बालाघाटच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात येतो. बीड जिल्ह्यात बालाघाटच्या रांगेत उगम पावणारी मांजरा नदी तालुक्याच्या उत्तरेकडून वाहते. या परिसराची दोन टोके सर्वांच्या परिचयाची आहेत. मांजरा धरण कोरडे पडल्याने २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तर सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्याने अतिवृष्टी व पूर अनुभवला. उन्हाळ्यात नदी डोहांत तुटते आणि उरलेल्या पाण्यात अनेक जातींचे मासे दाटीने एकत्र येतात. पावसाळ्यात तेच मासे पांगतात. ही स्थिती म्हणजे निसर्गाने मांडलेला प्रयोगच होय. डोहातील एकत्र येणे हा नाइलाजाचा जमाव आहे की त्यात सोबतीची निवडही आहे, हा एका प्रबंधास पुरेल असा प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे. डासनियंत्रणासाठी हौद, विहिरी व डबकी यांत गप्पी मासे सोडण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. हा मासा मूळ दक्षिण अमेरिकेतील आहे. मेक्सिकोतील स्थानिक माशांसोबत राहिल्याने परक्या गप्पी माशांना अन्न शोधण्यात लाभ होतो, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. म्हणजे स्थानिक जातीच परक्या जातीच्या स्थिरावण्यास नकळत हातभार लावतात. आपल्या ओढ्यांत असेच घडते काय, हे तपासण्यासारखे आहे. भारतात १९५२ मध्ये आणलेल्या चिलापीबाबतही हाच प्रश्न विचारता येईल.

संशोधन पद्धतीविषयी काही सूचना :

१) निवड-चाचणी : लांबट टाकीच्या दोन टोकांस पारदर्शक कप्पे करून एकात स्वजातीचा व दुसऱ्यात परजातीचा समूह ठेवावा. मध्यभागी सोडलेला मासा कोणत्या बाजूस किती वेळ घालवितो याची नोंद घ्यावी. कप्प्यांच्या जागा आलटून-पालटून बदलाव्यात, अन्यथा प्रकाशाची किंवा कोपऱ्याची ओढ सामाजिक ओढ म्हणून गणली जाईल.

२) आकाराचे नियंत्रण : मासे समान आकाराचे सोबती पसंत करतात. दोन जातींची तुलना करताना आकार समान न ठेवल्यास निष्कर्ष जातीविषयी नसून आकाराविषयी ठरेल.

३) नमुन्याचे एकक : एकाच समूहातील दहा माशांची मापे ही दहा स्वतंत्र निरीक्षणे होत नाहीत, कारण ते एकमेकांवर अवलंबून हालतात. येथे समूह हेच एकक होय. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलेला आभासी पुनरावृत्तीचा हा दोष प्रबंधांत सहज शिरतो.

४) यदृच्छेशी तुलना : डोहात दोन जाती वरचेवर एकत्र दिसल्या, तरी निव्वळ योगायोगाने त्या किती वेळा एकत्र दिसल्या असत्या याचे गणित मांडल्याशिवाय ओढ सिद्ध होत नाही.

५) गढूळपणा : नजरेवर विसंबलेले समूह गढूळ पाण्यात विस्कळीत होऊ शकतात. म्हणून प्रत्येक निरीक्षणासोबत पाण्याची पारदर्शकता मोजावी.

चित्रफितींवरून प्रत्येक माशाचा मार्ग आखणाऱ्या संगणक प्रणाली उपलब्ध झाल्या आहेत. साध्या कॅमेऱ्याने घेतलेले चित्रणही त्यासाठी बऱ्याच अंशी उपयोगी पडते. मासे हे पृष्ठवंशीय प्राणी असल्याने संस्थात्मक नीती समितीची पूर्वपरवानगी घेणे उचित होय. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्यानंतर प्रात्यक्षिकांना पर्याय कोणता, हा प्रश्न प्राणिशास्त्र विभागांपुढे उभा राहिला. वर्तन-निरीक्षण हा त्यावरील एक सशक्त पर्याय आहे, कारण त्यात प्राणी जिवंत राहतो आणि विद्यार्थ्यास गृहीतक, नियंत्रण व संख्याशास्त्र हे तिन्ही विषय एकाच वेळी हाताळावे लागतात.

निष्कर्ष :

१) मिश्रजाती मत्स्यसमूह संरक्षण, अन्न व माहिती या लाभांसाठी बनतात, परंतु वेगळेपणाच्या धोक्यामुळे संकटात ते विभागले जाऊ शकतात.

२) एकत्र आढळणे आणि एकत्र राहणे यांतील भेद सिद्ध करणे हे या विषयातील संशोधकाचे पहिले कर्तव्य आहे.

३) परक्या जातींच्या प्रसारात स्थानिक जातींची सोबत कारणीभूत ठरू शकते, म्हणून हा विषय जैवविविधता संरक्षणाशी निगडित आहे.

४) अल्प खर्च, उपलब्ध जलस्रोत आणि हंगामी चढउतार यांमुळे मराठवाड्यातील ग्रामीण महाविद्यालयांना या क्षेत्रात मौलिक भर घालणे शक्य आहे.

समारोप :

मांजरेचे डोह दरवर्षी आटतात आणि दरवर्षी त्यांतील मासे आपल्यासमोर एकत्र येतात. मत्स्यवैविध्याच्या याद्या करणाऱ्या अभ्यासकांनी या डोहांतील माशांची नावे आपल्या हाती दिली आहेत. आता त्या नावांमधील नाती शोधणे हे पुढील पिढीच्या संशोधकांचे कार्य आहे. एखादी स्थानिक जात नाहीशी झाल्यावर तिची नोंद जुन्या यादीत शिल्लक राहते. तिचे वर्तन मात्र कोणी पाहून ठेवले नसेल, तर ते कायमचे हरवते. मार्गदर्शक प्राध्यापकांनी विषय निवडताना ही बाब विचारात घ्यावी, एवढीच अपेक्षा.