खाडीच्या चिखलातली वस्ती

मंडळी, ओहोटीच्या वेळी कोकणातल्या एखाद्या खाडीकाठी उभे राहिले की काय दिसते? तिवरांची झाडे, पेन्सिलीसारखी वर आलेली त्यांची मुळे आणि वास मारणारा काळा चिखल. 'हा काय कामाचा?' असे म्हणून पुष्कळजण त्यात दगडमातीचा भराव ओततात. म्हणून आज या चिखलाची बाजू आपल्यापुढे मांडायची आहे.

चिखलाच्या वरच्या पातळ थराखाली हवा फारशी पोचत नाही. तिथे प्राणवायूवाचून जगणारे जंतू असतात. त्यांच्या कामातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो. वास येतो तो त्यामुळे. पण म्हणून चिखल मेलेला आहे असे समजू नका बरं का!

जरा वाकून पाहा. जागोजागी भोके आणि त्यांच्याभोवती मातीच्या गोळ्या दिसतील. ही खेकड्यांची घरे. त्या बिळांतून भरतीचे पाणी आणि हवा खोलवर जाते, झाडांच्या मुळांनाही ती मिळते. शेताला नांगर, तसा खाडीला खेकडा! त्याच चिखलात अंगावर वळी असलेले बारीक किडे राहतात. ते गांडुळाचे भाऊबंद. माती खायची, तिच्यातला कस घ्यायचा आणि उरलेली बाहेर टाकायची, हा त्यांचा उद्योग. शिवाय शंखातल्या गोगलगाई आहेत, तिसऱ्या आहेत, दगडांना चिकटलेली कालवे आहेत. यांपैकी एकालाही पाठीचा कणा नाही, पण खाडीचा सारा कणा तेच आहेत.

तो कसा? तिवराचे पान गळून पडते. खेकडा ते बिळात ओढून नेतो, कुरतडतो. उरलेल्या तुकड्यांवर जंतू वाढतात. ते तुकडे किडे आणि गोगलगाई खातात. भरती आली की कोळंबी आणि माशांची पिल्ले या लहानग्यांवर ताव मारतात. म्हणजे झाडाचे पान अखेर आपल्या ताटात येते! तिसऱ्या आणि कालवे तर कल्ल्यांनी पाणी गाळून त्यातले बारीक अन्न घेतात.

आता भराव पडला तर काय होईल? बिळे बुजतात. मासा पळून जाईल, पण तिसरी कुठे पळणार? दगडाला चिकटलेले कालव कुठे जाणार? ओहोटीला टोपली घेऊन उतरणाऱ्या बायांच्या घरची चूल त्यावर चालते. सांडपाणी सोडले तर त्यातली घाणही तिसऱ्यांच्या अंगात साठते आणि ती खाणाऱ्याला बाधते.

महाराष्ट्र शासनाने २०१२ साली कांदळवनांसाठी स्वतंत्र कक्ष स्थापन केला. २०१८ साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या नासधुशीला बंदी घातली. पण कायदा चोवीस तास खाडीवर उभा राहू शकत नाही. गावाची नजरच राखण करते.

गुरुजी आणि बाई, आपल्याला एक विनंती. भरतीची वेळ विचारून, जाणत्या माणसाला बरोबर घेऊन मुलांना काठावर न्या. हातभर लांब, हातभर रुंद चौकोन आखा आणि भोके मोजायला सांगा. भराव पडलेल्या जागेशेजारीही तसेच मोजा. दोन आकडे फळ्यावर लिहा. पुढचे मुलेच बोलतील.