बेल, वेल आणि क्रीपर

आष्टीत आमच्या शेजारी फरशीच्या कामासाठी उत्तर प्रदेशातून आलेलं एक कुटुंब राहतं. त्यांची दोन मुलं संध्याकाळी इंग्रजीचं पुस्तक घेऊन माझ्याकडे येतात. एकदा धड्यात ‘क्रीपर’ हा शब्द आला. मी म्हटलं, ‘‘बेल.’’ धाकटीनं लगेच विचारलं, ‘‘वही, जो शंकरजी को चढ़ाते हैं?’’

तिचं चुकलं नव्हतं. हिंदीत बिल्ववृक्षही बेल आणि वेलही बेलच. कितीतरी जुन्या शब्दांतला ‘व’ मराठीनं जपला, हिंदीत त्याचा ‘ब’ झाला : वीस-बीस, वाघ-बाघ, वीज-बिजली. ‘वल्ली’च्या घराण्यातला शब्द तिकडे बेल झाला, इकडे वेल राहिला, आमच्याकडे बोलताना येल. बिल्वात मुळातच ‘ब’, म्हणून ते झाड दोन्हीकडे बेल.

म्हणजे नुसता प्रतिशब्द देऊन भागणार नव्हतं. इंग्रजीनं हे नाव वनस्पतीच्या चालीवरून ठेवलं आहे. ‘क्रीप’ म्हणजे सरपटणं, ‘क्लाइंब’ म्हणजे चढणं. जमिनीवर पसरतो तो क्रीपर, आधार धरून वर जातो तो क्लाइंबर. आपल्याकडच्या इंग्रजीत मात्र दोघांनाही सर्रास क्रीपर म्हणतात, आणि वेलही ही सीमा फारशी पाळत नाहीत. भोपळा रानात लोळतो, पण त्यालाही आधार धरणारे, दोऱ्यासारखे तणावे असतात. मांडव दिला की तोच वर चढतो.

मुलांना घेऊन कुंपणाशी गेलो. घेवडा सगळं अंगच काठीभोवती गुंडाळतो. मनीप्लँट खोडावरच्या मुळांनी भिंत धरतो. बोगनवेल काट्यांच्या आधारानं दुसऱ्या झाडावर रेलते. तिच्या नावातला ‘वेल’ मात्र आपला नव्हे. बूगनव्हील या फ्रेंच दर्यावर्द्याचं नाव तिला दिलं गेलं. मराठी जिभेनं त्यातला शेवटचा तुकडा ओळखीचा करून घेतला.

सगळ्यांत जास्त वेळ गेला दोडक्यापाशी. त्याचा तणावा हवेत गोल फिरत आधार चाचपतो. काही लागलं की स्पर्शाच्या बाजूला वळतो आणि विळखा घालतो. टोक पक्कं बसलं की मधला भाग स्प्रिंगसारखा आखडतो आणि वेल आधाराकडे ओढला जातो. वारा आला तर ही स्प्रिंग ताणते, तुटत नाही. चार्ल्स डार्विननं आजारपणात खोलीत कुंडी ठेवून हॉप नावाच्या वेलाचा असाच गोल फिरणारा शेंडा तासन् तास पाहिला होता. उबदार हवेत त्याची एक फेरी सरासरी 2 तास 8 मिनिटांत पुरी होई. चढणाऱ्या वनस्पतींवरचा त्याचा प्रबंध 1865 साली आला, पुस्तकरूपानं 1875 मध्ये.

त्यानं उलगडलेली एक गंमत कुंपणावरही दिसते. तणाव्याचे पीळ अर्ध्यापर्यंत एका दिशेनं जातात, मध्ये जरासा सरळ तुकडा येतो आणि पुढचे पीळ उलटे. दोन्ही टोकं बांधलेली असताना एकाच दिशेनं वळत राहिलं तर दोरीला पीळ पडून ती गच्च होईल. उलट्या पिळानं हिशेब बरोबर होतो. मी सुतळी खिळ्याला बांधून हे दाखवलं. थोरला सुतळी पिळत बसला. धाकटीनं वहीत ‘क्रीपर’समोर लिहिलेलं ‘बेल’ खोडलं नाही. त्याच्या पुढं तणावा काढला, मधला सरळ तुकडा न विसरता.