एक घर, तीन माणसे आणि आपण : ‘कौन’ची भीती कशी काम करते

मंडळात चित्रपट दाखवायचा म्हटले आणि कोणी भयपटाचे नाव काढले की एक प्रश्न हमखास येतो : पैसे आणि वेळ खर्चून घाबरून कशाला घ्यायचे? तरुण मंडळी हसून तो सोडून देतात. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. घाबरायला माणसे स्वखुशीने का बसतात, आणि भुते, कवट्या, स्मशाने यांच्यावर खर्च न करताही एखादा चित्रपट रात्रीची झोप कशी उडवतो, हे समजून घेण्याजोगे आहे. त्यासाठी आम्ही राम गोपाल वर्मा यांचा ‘कौन’ हा 1999 सालचा हिंदी चित्रपट निवडला आहे.

हैदराबादकरांना वर्मांची ओळख वेगळी सांगायला नको. चित्रपटात येण्यापूर्वी अमीरपेट भागात त्यांचे व्हिडिओ कॅसेटचे दुकान होते. ‘कौन’ची नायिका ऊर्मिला मातोंडकर आपली मराठी, आणि त्यातल्या अनोळखी पाहुण्याचे आडनावही मराठी : समीर ए. पूर्णवले.

एक सूचना आधीच देतो. चित्रपट पाहिला नसेल तर ‘फसवले की चकवले?’ या मथळ्यापाशी थांबा, चित्रपट पाहा आणि मग पुढे वाचा. त्या मथळ्यापासून आम्ही शेवट उघड केला आहे.

कमी खर्चाचे गणित

‘कौन’मध्ये एक बंगला आहे, बाहेर वादळी पाऊस आहे आणि तीन पात्रे आहेत : घरात एकटी असलेली तरुणी (ऊर्मिला), दार ठोठावणारा समीर (मनोज बाजपेयी) आणि नंतर येणारा इन्स्पेक्टर कुरेशी (सुशांत सिंग). गाणे एकही नाही. लांबी साधारण दीड तास. कथा अनुराग कश्यप यांची, पार्श्वसंगीत संदीप चौटा यांचे. टीव्हीवर बातमी येते की शहरात एक खुनी मोकाट फिरतो आहे, आणि थोड्याच वेळात दाराची बेल वाजते. कोणा मल्होत्रांची चौकशी करत एक माणूस आत येऊ पाहतो. एवढ्यावर चित्रपट उभा आहे.

मराठी नाटक पाहत वाढलेल्यांना ही रचना परकी वाटणार नाही. एकच दिवाणखाना, मोजकी पात्रे, दाराबाहेरून येणारा अनोळखी माणूस ही आपल्या रहस्यनाटकाची जुनी मांडणी आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचलेल्यांना हेही ठाऊक आहे की भीती बहुतेक वेळा ओळखीच्या घरातच दडलेली असते. जिना, माळा, स्वयंपाकघराचे दार या रोजच्या गोष्टी. म्हणून पैसा कमी असणे इथे अडचण ठरत नाही. दाखवायला फार काही नसले की दिग्दर्शकाला न दाखवता काम भागवावे लागते, आणि उरलेले चित्र प्रेक्षक आपापल्या मनातून भरतो. प्रत्येकाची भीती वेगळी असल्यामुळे ते चित्र पडद्यावरच्या कुठल्याही राक्षसापेक्षा नेमके बसते.

त्याच 1999 साली अमेरिकेत ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ आला. जंगल, हातातला कॅमेरा आणि तीन अनोळखी कलाकार एवढ्या भांडवलावर त्याने अफाट कमाई केली. त्यातली चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही. काही प्रेक्षक त्यामुळे हादरले, तर काही ‘दाखवले काय?’ असे म्हणत चिडून बाहेर पडले. न दाखवण्याच्या युक्तीची ही दुसरी बाजू. प्रेक्षकाने आपल्या वाटचे काम केले नाही, तर चित्रपट त्याच्यापुरता रिकामा राहतो.

कान आधी घाबरतात

‘कौन’ पुन्हा पाहाल तेव्हा दोन मिनिटे डोळे मिटून बसा. पाऊस, बेल, पावलांचा आवाज, अचानक चढणारे संगीत, आणि त्याहून धारदार म्हणजे मधली शांतता. कान मिटता येत नाहीत. पडद्याकडून नजर वळवणारा प्रेक्षकही आवाजातून सुटत नाही.

अशा वेळी शरीरात काय होते? धोक्याची चाहूल लागली की मेंदूतला अमिग्डाला हा भाग विचार पुरा होण्याआधीच इशारा देतो. ॲड्रिनलिन वाढते, छातीत धडधडते, तळहाताला घाम सुटतो. ‘हा सिनेमा आहे’ हे आपल्याला माहीत असते, पण ते माहीत असणारा मेंदूचा भाग थोडा मागाहून पोचतो. शरीर घाबरलेले आणि बुद्धी निश्चिंत, अशी ही दुहेरी अवस्था असते आणि गंमत तिच्यातच असते. खरा धोका असता तर आपण पळालो असतो. इथे आपण खुर्चीला धरून बसतो. डॉल्फ झिलमन या संशोधकाच्या मांडणीनुसार भीतीने शरीरात आलेली उत्तेजना लगेच ओसरत नाही, आणि नंतर येणारे सुटकेचे समाधान तिच्यामुळे अधिक तीव्र होते. चित्रपट संपल्यावर मंडळी एवढ्या मोठ्याने का बोलतात, याचे एक उत्तर इथे आहे.

मध्येच येणारे हसूही यातलेच. समीर अति बोलतो, नको तिथे हसतो, सलगी करतो. त्याचे बोलणे ऐकून प्रेक्षागृहात खसखस पिकते. त्या हसण्याने ताण थोडा उतरतो आणि पुढच्या धक्क्याला जागा होते.

आपण कोणावर संशय घेतो?

1998 च्या जुलैमध्ये वर्मांचा ‘सत्या’ आला होता. त्यात मनोज बाजपेयी भिकू म्हात्रे होते आणि ऊर्मिला साधी, निष्पाप विद्या. पुढच्या फेब्रुवारीत ‘कौन’ पाहायला आलेला प्रेक्षक ही दोन्ही माणसे डोक्यात घेऊनच आला असणार. त्यामुळे दाराबाहेर उभा माणूस धोकादायक आणि आत थरथरणारी मुलगी असहाय, हा निकाल पडद्यावर काही घडण्याआधीच लागलेला असतो. एकटी बाई म्हणजे बळी, दारात आलेला पुरुष म्हणजे संकट, खाकी वर्दी म्हणजे दिलासा : चित्रपट आपल्या या तीन समजुतींशी एकेक करून खेळतो. कुरेशी आल्यावर तर कोण खरे बोलतो आहे हेच कळेनासे होते.

फसवले की चकवले?

शेवटी उलगडते की खुनी ती तरुणीच आहे. यावर प्रेक्षकांचे सरळ दोन तट पडतात.

पहिला म्हणतो, ‘ही फसवणूक आहे. ती एकटी असतानाही घाबरत होती. खुनी स्वतःच्या घरात एकटा असताना कशाला घाबरेल?’ आक्षेप रास्त आहे आणि चांगल्या प्रेक्षकाचा आहे. दुसरा तट म्हणतो, ‘तिची भीती खरीच होती.’ आमचे मत या दुसऱ्या बाजूला झुकते. कॅमेरा बहुतेक वेळ तिच्या सोबत आहे. तिला जे भासते ते आपल्याला दिसते. ती सोंग करत नाही. तिला प्रत्येक येणारा माणूस मारेकरी वाटतो आणि त्या भीतीपोटीच ती मारते. असे धरले तर चित्रपट खोटे बोललेला नाही. त्याने तिचे खरे दाखवले, आपण ते जगाचे खरे समजलो. रहस्यपटाची कसोटी हीच असावी : शेवट कळल्यावर दुसऱ्यांदा पाहताना आधीची दृश्ये कोसळतात की नव्या अर्थाने उभी राहतात? ‘कौन’ दुसऱ्यांदा पाहिला की समीरचा बावळट गोडवा केविलवाणा वाटू लागतो आणि अखेरीस कॅमेऱ्याकडे पाहून केलेले तिचे स्मित अधिकच झोंबते.

इथे थांबून बोलायला हवे

या शेवटाची एक बाजू मात्र आम्हाला खटकते. ‘मन बिघडले म्हणून खून’ हा हिशोब थरारपटांनी इतका गिरवला आहे की मनोविकार म्हणजे हिंसा, हे समीकरण घराघरात मुरले आहे. वस्तुस्थिती तशी नाही. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणालाही इजा करत नाहीत. पण ‘लोक काय म्हणतील’ या धास्तीने कुटुंबे आजार लपवतात, लग्न ठरेपर्यंत औषधे लांबवतात, आणि दुखणे वाढते. म्हणून असा चित्रपट संपल्यावर घरच्यांशी पाच मिनिटे याच विषयावर बोलावे. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मिळते. तो क्रमांक फ्रिजवर लावून ठेवला तर कधी ना कधी कोणाच्या तरी कामी येईल.

भीतीचा रोख योग्य ठिकाणी वळवता येतो, याचे उदाहरण मराठीतच आहे. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (2017) हाही मोजक्या पात्रांचा चित्रपट. उसाच्या फडात अडकलेले घर, गरोदर नेहा (पूजा सावंत) आणि तिची काळजी घेणारी तुळसाबाई (उषा नाईक). भुतांच्या आड खरा विषय आहे मुलगी नको असणाऱ्या घरांचा. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 913 मुली होत्या. 2011 मध्ये त्या 894 उरल्या. हा आकडा भाषणात ऐकून माणूस जांभई देतो. उसातून वाट न सापडणारी बाई पाहून तोच माणूस अस्वस्थ होतो. याच दिग्दर्शकाने 2021 मध्ये ‘छोरी’ नावाने तो हिंदीत केला.

पाहायचा तर कसा?

मोबाईलवर तुकड्या-तुकड्यांत नको. एका बैठकीत, दिवे मंद करून, निदान बऱ्या स्पीकरवर पाहा. लहान मुलांना सोबत बसवू नका. त्यांना ‘हे खोटे आहे’ हे सांगून कळले तरी रात्री अंधारात ते आठवेलच असे नाही. मोठ्यांतही ज्यांना सोसत नाही त्यांना आग्रह करू नये. तो भित्रेपणा नव्हे, प्रत्येकाच्या शरीराची घडण वेगळी असते. आणि संपल्यावर लगेच उठू नका. कोणाला केव्हा संशय आला, कोणावर आला आणि का आला, हे एकमेकांना विचारा. खुनी कोण हे चित्रपट सांगतो. आपण कोणाला उगाच खुनी ठरवले होते, हे त्या गप्पांतूनच कळते.