छपाईआधीच बिघडणारा टी-शर्ट

दहीहंडी जवळ आली की ठाण्यात थरांच्या सरावाबरोबर टी-शर्टांचीही घाई सुरू होते. २०१२ मध्ये ठाण्यातच जय जवान गोविंदा पथकाने नऊ थर रचून ४३.७९ फुटांचा गिनीज विक्रम केला होता. थर लागताना गोविंदांची तोंडे आत असतात. रस्त्यावरच्या गर्दीला दिसते ती पाठ, आणि पाठीवरचे पथकाचे नाव. ते पुसट किंवा मोडके छापले गेले की बोल छपाईवाल्याला लागतो. खरी चूक बऱ्याचदा त्याआधी, फाइल तयार करतानाच झालेली असते.

गैरसमज : मोबाइलवर स्पष्ट दिसते, म्हणजे कापडावरही स्पष्ट येईल.

वस्तुस्थिती : पाठीवरची छपाई १२ इंच रुंद धरली, तर इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने चित्र ३,६०० पिक्सेल रुंद हवे. ९०० पिक्सेलचा लोगो तेवढा ताणला, तर इंचाला ७५ पिक्सेलच उरतात आणि कडा करवतीसारख्या दिसतात. सॉफ्टवेअरच्या चौकटीत नुसता ३०० आकडा टाकून हरवलेला तपशील परत येत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आणखी लहान होते. ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. अक्षरे आणि साधी चिन्हे कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटरमध्ये व्हेक्टर स्वरूपात काढली, तर हा प्रश्नच उरत नाही. ती कितीही मोठी करा, कड फाटत नाही.

गैरसमज : फाइल दिली, काम झाले.

वस्तुस्थिती : देवनागरीची खरी परीक्षा इथून पुढे असते. डोंबिवलीत श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ पासून निघणाऱ्या पाडव्याच्या यात्रेचेच शब्द घ्या : ‘नववर्ष स्वागतयात्रा’. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये ते टाइप केले आणि छपाईवाल्याकडे तो फॉन्ट नसला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते. युनिकोड फॉन्ट असला तरी सॉफ्टवेअरची मांडणी देवनागरीसाठी लावलेली नसेल, तर ‘र्ष’चा रफार सुटतो आणि ‘स्वा’मध्ये पाय मोडलेला ‘स्’ उघडा पडतो. फोटोशॉप आणि इलस्ट्रेटरमध्ये त्यासाठीची मांडणी निवडली आहे का, ते आधी पाहावे.

म्हणून छपाईवाले सांगतात, ‘कर्व्ह करून द्या.’ कोरलमध्ये कंट्रोल-क्यू दाबले की अक्षरांचे आकार होतात आणि फॉन्टची गरज संपते. एक खाच मात्र राहते. देवनागरी अक्षरे शिरोरेखेवर एकमेकांवर किंचित चढलेली असतात. कर्व्ह केल्यावर ती ‘कम्बाइन’ केली तर त्या सांध्यांवर बारीक भोके पडतात; ‘वेल्ड’ केली तर रेघ सलग होते. आउटलाइन द्यायची असेल तर वेल्ड आधी, आउटलाइन नंतर. कर्व्ह केलेला मजकूर पुन्हा टाइप करून दुरुस्त करता येत नाही, म्हणून शुद्धलेखन त्याआधीच तपासावे आणि मूळ फाइल वेगळी जपावी.

गैरसमज : पडद्यावरचा रंग तोच कापडावरचा रंग.

वस्तुस्थिती : पडदा प्रकाशाने रंग दाखवतो, कापड शाईने. काळ्या टी-शर्टवर भगवा थेट छापला तर तो मळकट पडतो. खाली पांढरा बेस द्यावा लागतो. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, बेसलाही. त्यामुळे दोन-तीन ठळक रंगांचे डिझाइन स्वस्त पडते आणि उठूनही दिसते.

गैरसमज : कुठल्याही कापडावर कुठलीही छपाई चालते.

वस्तुस्थिती : सब्लिमेशनची शाई उष्णतेने पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. सुती कापडावर ती टिकत नाही. शिवाय या पद्धतीत पांढरी शाईच नसते, त्यामुळे काळ्या सुती टी-शर्टवर पांढरे नाव हवे असेल तर स्क्रीन प्रिंटिंग किंवा डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवण्याची पद्धत) निवडावे. कापड आधी ठरवावे, फाइल त्यानंतर करावी.

शंभर टी-शर्टांची ऑर्डर देण्याआधी नाव खऱ्या मापात कागदावर छापून एखाद्याच्या पाठीवर लावा, दहा पावले मागे जा आणि वाचून पाहा. मग एक नमुना कापडावर छापून घ्या. तो पसंत पडल्यावरच पुढच्या नव्व्याण्णवांना होकार द्या.