आज घरात इलिश नको!

मोहन बगान विरुद्ध ईस्ट बंगाल... मैदानावरचा संघ नव्वद मिनिटांत हरून मोकळा होतो. त्याचे चाहते मात्र हरतच राहतात. घरी, बाजारात, कचेरीत, थेट पुढच्या सामन्यापर्यंत! हावडा-कोलकात्याचे फुटबॉलवेडे हा पराभव पचवतात तरी कसा?

सामना संपल्यानंतरची मेट्रो. सॉल्ट लेक स्टेडियमपासून निघालेली ही गाडी शेवटी हुगळी नदीच्या पोटातून पलीकडे जाते आणि हावडा मैदान स्थानकात येऊन थांबते. ऑगस्ट, २०२५मध्ये हा मार्ग सलग सुरू झाला. त्याआधी हावडेकरांना बस, लोकल, नाहीतर लाँच असे द्राविडी प्राणायाम करत घर गाठावं लागे.

डब्यात दोन प्रकारची माणसं असतात. एक गाणारी, दुसरी गप्प. गाणाऱ्यांचे झेंडे खिडकीला टेकलेले, गप्प बसलेल्यांचे झेंडे घडी होऊन पिशवीत गेलेले. कुणी अंगातल्या जर्सीवर साधा शर्ट चढवलेला असतो. हावड्याला उतरून गल्लीत शिरताना ओट्यावर बसलेल्या मंडळींनी निकाल विचारू नये, एवढीच त्याची माफक अपेक्षा. पण निकाल त्याच्या आधीच गल्लीत पोहोचलेला असतो!

कोल्हापूरच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ... शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेचा संघ हरला, की त्या रात्री पेठेत कशी शांतता पसरते, ते त्यांनी अनुभवलेलं असतं. कोलकात्यात ही शांतता निम्म्या शहरावर पसरते.

भांडण जुनं, शंभर वर्षांचं

मोहन बगान क्लबची स्थापना १८८९ची. २९ जुलै, १९११ या दिवशी या क्लबच्या खेळाडूंनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या सैनिकांच्या संघाला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. अकरापैकी दहा जण चक्क अनवाणी खेळले होते! तेव्हापासून मोहन बगान हा बंगालच्या अभिमानाचा विषय झाला.

ईस्ट बंगाल क्लब आला १९२०मध्ये. नावातच सगळं आलं. पूर्व बंगालातून, म्हणजे आजच्या बांगलादेशातून, कोलकात्यात आलेल्यांचा हा क्लब. मूळच्या पश्चिम बंगालच्या माणसाला म्हणतात ‘घोटी’ आणि पूर्वेकडून आलेल्याला ‘बांगाल’. २८ मे, १९२५ रोजी हे दोन संघ कोलकाता लीगमध्ये प्रथम आमनेसामने आले. ईस्ट बंगालने एका गोलने बाजी मारली. पुढे १९४७मध्ये फाळणी झाली. घरदार, शेतीवाडी मागे टाकून लाखो माणसं इकडे आली. ज्यांच्याजवळ काहीच उरलं नव्हतं त्यांना एक गोष्ट आपली वाटली... लाल-पिवळी जर्सी! म्हणूनच इथे सामना हरला, की नुसता खेळ हरल्यासारखं वाटत नाही. आपलं गाव, आपली बोली, आपल्या आईच्या हातचं जेवणसुद्धा हरल्यासारखं वाटतं.

जेवणाचा उल्लेख उगाच केलेला नाही. ईस्ट बंगालचं चिन्ह मशाल, मोहन बगानचं शिडाची नाव. पण बाजारात ही चिन्हं कोण विचारतो? तिथे ईस्ट बंगाल म्हणजे इलिश (आपण त्याला हिलसा म्हणतो) आणि मोहन बगान म्हणजे चिंगडी, अर्थात कोळंबी. ईस्ट बंगाल जिंकला, की इलिशचा भाव चढणार. मोहन बगान जिंकला, की मोठ्या कोळंबीला मागणी येणार. हावडा स्टेशनाजवळच्या घाऊक मासळी बाजारापासून गल्लीतल्या कोळणीपर्यंत सगळ्यांना हे गणित पाठ! साहजिकच पराभूत घराचा एक अलिखित नियम असतो... ‘आज घरात जिंकणाऱ्यांचा मासा शिजणार नाही.’

पण घोटी मुलगा आणि बांगाल सून असा संसार आता अगदी नेहमीचा. मग एकाच स्वयंपाकघरात एक जण मासळीची पिशवी मिरवत येतो आणि दुसरा ‘आज पोट ठीक नाही’ म्हणत वरण-भातावर भागवतो. ‘तुमच्या भाजीत साखर फार’ आणि ‘तुमच्या कालवणात तिखट फार’ ही एरवीची कुरबुर त्या रात्री जरा जास्त रंगते. यात राग कमी, गंमत जास्त. खरं सांगायचं तर पराभव पचवण्याचं पहिलं औषध हेच. हरलेल्याची थट्टा होते, पण ती जेवणाच्या पानावर, आपल्या माणसांत होते.

ती काळी रात्र

मात्र, दरवेळी हे औषध लागू पडलं असं नाही.

३० सप्टेंबर, १९७५. आयएफए शील्डचा अंतिम सामना. ईस्ट बंगालने मोहन बगानचा ५-० असा धुव्वा उडवला. सुरजित सेनगुप्ताने खातं उघडलं. श्याम थापाने दोन गोल केले, रणजित मुखर्जी आणि शुभंकर सन्यालने एकेक. या दोन संघांतल्या लढतीत एवढ्या मोठ्या फरकाचा विजय पुन्हा कधी झाला नाही. मोहन बगानचे चाहते इतके खवळले, की संघातल्या काही खेळाडूंनी ती रात्र गंगेत नावेवर लपून काढली, असं आजही सांगितलं जातं.

खेळाडू बचावले. एक चाहता नाही वाचला. मोहन बगानच्या एका तरुण पाठीराख्याने आपलं आयुष्य संपवलं. पुढच्या जन्मी मोहन बगानचा खेळाडू होऊन या पराभवाचा बदला घेईन, अशा अर्थाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली होती.

पुढचा जन्म कशाला, त्याला फक्त दहा महिने थांबायचं होतं! २४ जुलै, १९७६. लीगमधला सामना. शिट्टी वाजली, उलगनाथनचा क्रॉस आला आणि महंमद अकबरने अवघ्या सतराव्या सेकंदाला चेंडू ईस्ट बंगालच्या जाळ्यात धाडला. तेवढ्या एका गोलवर मोहन बगान जिंकला. आणि गंमत पाहा, ईस्ट बंगालला ते पाच गोल मिळवून देणारे प्रशिक्षक पी. के. बॅनर्जी तोवर मोहन बगानकडे आलेले होते! पुढच्या वर्षी, १९७७मध्ये, मोहन बगानने शील्ड, ड्युरँड आणि आपल्या मुंबईच्या कूपरेजवर होणारा रोव्हर्स कप असे तिन्ही करंडक पटकावले.

हे सगळं बघायला तो तरुण नव्हता. जुने मोहन बगानवाले पाच गोलांची आठवण काढतात तेव्हा आवाज खाली येतो तो गोलांमुळे नव्हे... त्याच्यामुळे.

पाच वर्षांनी यापेक्षाही भीषण घडलं. १६ ऑगस्ट, १९८०. ईडन गार्डनवर याच दोन संघांचा सामना चालू होता. मैदानात दोन खेळाडूंची जुंपली आणि त्याचा वणवा प्रेक्षकांत पसरला. दगडफेक, पळापळ, चेंगराचेंगरी... सोळा जण जिवाला मुकले. ते कोणत्या क्लबचे होते हे आज कुणी मोजत बसत नाही. त्यांच्या स्मरणार्थ १६ ऑगस्टला कोलकात्यात फुटबॉलप्रेमी दिवस पाळला जातो, रक्तदान होतं. ज्या दिवशी रक्त सांडलं त्या दिवशी रक्त द्यायचं... पराभवापेक्षा मोठ्या दुःखावर या शहराने शोधलेला हा उतारा.

‘डायमंड’चा चुरा

जिंकण्याआधीच जिंकल्याच्या गप्पा मारल्या, की पराभव दुप्पट झोंबतो. १३ जुलै, १९९७ या दिवशी मोहन बगानवाल्यांना हा धडा मिळाला. फेडरेशन कपची उपांत्य फेरी. मोहन बगानचे प्रशिक्षक अमल दत्ता यांच्या ‘डायमंड’ रचनेची शहरभर चर्चा होती. संघ प्रतिस्पर्ध्यांना लोळवत निघाला होता. त्या भरात दत्ता यांनी ईस्ट बंगालच्या भायचुंग भुतियाची ‘चुंगचुंग’ अशी टिंगलही करून टाकली. समोर ईस्ट बंगालच्या बाकावर होते पुन्हा तेच पी. के. बॅनर्जी!

सॉल्ट लेक स्टेडियमवर त्या दिवशी १,३१,७८१ प्रेक्षक होते. भारतात कुठल्याही सामन्याला एवढी गर्दी झाल्याची नोंद नाही. निकाल? ईस्ट बंगाल ४, मोहन बगान १. चारपैकी तीन गोल चुंगचुंगचे... म्हणजे विशीतल्या भायचुंगचे!

मोहन बगानवाल्यांनी हा घाव बारा वर्षं जपला. २५ ऑक्टोबर, २००९ रोजी आय-लीगमध्ये त्यांनी ईस्ट बंगालला ५-३ असं हरवलं. नायजेरियाच्या चिडी एडेने एकट्याने चार गोल ठोकले. पाच गोलांची परतफेड झाली म्हणून म्हाताऱ्या माणसांनीही पेढे वाटले. यातली खरी मजा पुढे आहे. भायचुंग मधल्या काळात मोहन बगानकडूनही खेळून गेला होता आणि चिडी नंतर ईस्ट बंगालमध्ये दाखल झाला! ज्यांच्यावरून आपण शेजाऱ्याशी बोलणं टाकतो, ते खेळाडू असे आज इथे, उद्या तिथे. शेजारी मात्र तोच राहतो.

हावड्याचा मन्नादा

हरावं कसं, हे शिकायला हावडेकरांना लांब जायची गरज नाही. शैलेन मन्ना त्यांच्याच गावचे. बचावफळीतला हा भक्कम खेळाडू मोहन बगानकडून तब्बल एकोणीस वर्षं खेळला. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताची गाठ फ्रान्सशी पडली. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. सामन्यात भारताला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. त्यातली एक मन्नांची होती. भारत १-२ असा हरला. नव्या स्वतंत्र देशाचं पहिलं ऑलिंपिक आणि हातातोंडाशी आलेला घास असा निसटला!

मन्ना गंगेत नावेवर लपले नाहीत, की त्यांनी खेळही सोडला नाही. तीन वर्षांनी, १९५१मध्ये, दिल्लीच्या पहिल्या एशियाड स्पर्धेत ते भारताचे कप्तान होते. अंतिम सामन्यात इराणला १-० असं नमवून त्यांनी सुवर्णपदक आणलं. २०१२मध्ये ते गेले. हावड्यातल्या महापालिकेच्या स्टेडियमला आज त्यांचं नाव आहे. पेनल्टी हुकल्याचा दिवस हा शेवटचा दिवस नसतो, हे त्या नावाकडे बघून लहान पोरालाही सांगता येतं.

पुढचा सामना असतोच

अलीकडे हा धडा गिरवण्याची पाळी ईस्ट बंगालवाल्यांवर आली. जानेवारी, २०१९मधल्या विजयानंतर त्यांना डर्बी जिंकताच येईना. एकामागून एक पराभव. शाळकरी पोरं दहावीची कॉलेजात गेली, तरी विजय नाही! साडेचार वर्षांचा हा वनवास १२ ऑगस्ट, २०२३ रोजी ड्युरँड कपमध्ये संपला. नंदकुमार शेखरचा एकच गोल, पण त्या गोलाने लाल-पिवळ्या गल्ल्यांत दिवाळी झाली. आणि तीनच आठवड्यांनी, त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, दहा खेळाडूंनिशी खेळणाऱ्या मोहन बगानने दिमित्री पेट्राटोसच्या गोलवर करंडक नेला. इलिश आणि चिंगडीचे भाव एकाच महिन्यात वर-खाली!

तर मग पराभव पचवायचा कसा? या माणसांकडे पाहिलं, की उत्तर साधं वाटतं. हरलेल्याने तोंड लपवून कोपऱ्यात बसायचं नाही, चारचौघांत येऊन बसायचं. जिंकलेल्याने थट्टा जरूर करायची, पण समोरच्याचा घास घशात अडकेल इतकी नाही. आणि घरातलं एखादं तरुण पोर त्या रात्री न बोलता, न जेवता खोलीचं दार लावून बसलं, तर ‘एवढं काय त्यात, खेळच तो’ असं म्हणून झोपी जायचं नाही. दार वाजवायचं. जवळ बसायचं. १९७५च्या त्या रात्रीने शिकवलेलं हे शहाणपण फार महागात पडलेलं आहे.

हे दोन झेंडे एकत्र येऊ शकतात का? आले आहेत. ऑगस्ट, २०२४मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिची हत्या झाली आणि सगळं कोलकाता रस्त्यावर उतरलं. सुरक्षेचं कारण देऊन १८ ऑगस्टची डर्बी रद्द करण्यात आली. सामना नाही, तरी चाहते स्टेडियमबाहेर जमले. हिरवे-मरून झेंडे आणि लाल-पिवळे झेंडे शेजारी शेजारी! सोबतीला मोहमेडन स्पोर्टिंगचेही पाठीराखे. पोलिसांच्या लाठ्या खाताना कोण घोटी आणि कोण बांगाल, हे कुणी विचारलं नाही. त्या एका दिवशी हरलं कुणीच नाही.

नंतर सामने अर्थातच पुन्हा सुरू झाले. कुणी जिंकलं, कुणी हरलं. हावड्याच्या कुठल्याशा घरात तिखट-गोडाचा वाद पुन्हा पेटला असेल आणि पिशवीतली मासळी पाहून कुणीतरी नाक मुरडलं असेल... ‘आज घरात इलिश नको!’

नको तर नको. उद्या चिंगडी आणू. फक्त आज पानावर येऊन बस, बाबा!