वीस इंची सायकलीचे दाते

लहान मुलाच्या सायकलीची खरेदी बहुतेक घरांत चाकाच्या इंचांवरून आणि रंगावरून ठरते. अलीकडे त्यात गिअरच्या संख्येची भर पडली आहे. १२, १४, १६, २० आणि २४ इंच हे चाकांचे रूढ क्रम असून, साधारणपणे सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला २० इंची सायकल घेतली जाते. मात्र घेतलेली सायकल चढावर चालेल की हाताने ढकलत न्यावी लागेल, हे चाक सांगत नाही. ते पायाचा जोर मागच्या चाकापर्यंत पोहोचवणाऱ्या भागांच्या जुळणीवर अवलंबून असते. पायडल ज्या दांड्याला लागलेले असते तो क्रँक, त्याच्यासोबत फिरणारे पुढचे दातेरी चक्र म्हणजे चेनव्हील आणि मागच्या चाकाच्या आसाजवळचे छोटे दातेरी चक्र म्हणजे फ्रीव्हील. पाय थांबले तरी चाक फिरू देणारी आणि उतारावर ‘टिक टिक’ करणारी रचना या फ्रीव्हीलच्याच पोटात असते. चेनव्हीलला किती दाते आणि फ्रीव्हीलला किती, या दोन आकड्यांच्या भागाकारात सायकलीचा सारा स्वभाव सामावलेला असतो.

छत्रपती संभाजीनगरात हा भागाकार अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण हे शहर दिसते तितके सपाट नाही. खाम नदीच्या खोऱ्यात वसलेल्या या शहराच्या उत्तरेला हनुमान टेकडी, गोगाबाबा टेकडी आणि लेण्यांचा डोंगर आहे, दक्षिणेला सातारा-देवळाईचे डोंगर आहेत, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर तर डोंगराच्या पायथ्यालाच आहे. दुचाकीस्वाराला हे चढ-उतार जाणवतही नाहीत. पंचवीस किलो वजनाच्या मुलाला मात्र ते पायडलगणिक जाणवतात. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिल्यापासून गिअर आणि त्यांचे दाते हा या शहरातील हजारो घरांच्या पोटापाण्याचा विषय झाला आहे. तरीही त्याच घरांत मुलाची सायकल घेताना दाते मोजले जात नाहीत, ही थोडी गमतीचीच गोष्ट म्हणावी लागेल.

या दात्यांचे गणित अवघड नाही. २० इंची चाकाला पावणेदोन इंची टायर असेल, तर हवा भरल्यावर त्याचा व्यास सुमारे ५० सेंटिमीटर भरतो आणि एका फेऱ्यात ते १.५७ मीटर जाते. पुढे ३६ आणि मागे १६ दाते असल्यास पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक सव्वादोन फेरे घेते, म्हणजे सायकल सुमारे साडेतीन मीटर पुढे जाते. क्रँक १४० मिलिमीटरचा असेल तर तेवढ्याच वेळात पायडल स्वतः ८८ सेंटिमीटर फिरते. सायकल पायडलच्या चौपट अंतर कापते, म्हणून पायाला जोरही चौपट लावावा लागतो. अंतरातला नफा जोरातल्या तोट्यानेच भरून निघतो. मूल पंचवीस किलोचे आणि सायकल तेरा किलोची धरली, तर शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर त्या अडतीस किलोंना मागे खेचणारा ओढा, टायरचे घर्षण धरून, सव्वादोन किलोच्या आसपास असतो. त्याच्या चौपट म्हणजे पायडलवर सरासरी नऊ किलो. ही झाली सरासरी. क्रँक उभा असताना पाय जवळजवळ निकामी असतो, त्यामुळे क्रँक आडवा येतो त्या क्षणी दाब दीडपटीहून थोडा अधिक, म्हणजे चौदा किलोंच्या घरात जातो. स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक दाब प्रत्येक पावलाला देत बसणे मुलाला जमत नाही. ते सीटवरून उठते, हँडल डावी-उजवीकडे झुलू लागते आणि थोड्याच अंतरावर पाय जमिनीला लागतात. अशा वेळी घरचे लोक मुलाला दमाचे कच्चे ठरवतात. दोष खरे म्हणजे मागच्या १६ दात्यांचा असतो.

उपाय स्वस्त आहे. १६ च्या जागी २० दात्यांचे फ्रीव्हील बसवले, तर तोच चढ चढताना सरासरी दाब सव्वासात किलोंवर येतो, आणि सपाट रस्त्यावर मिनिटाला साठ फेरे मारणाऱ्या मुलाचा वेग ताशी पावणेतेरा किलोमीटरवरून सव्वादहापर्यंत उतरतो. गल्लीत खेळणाऱ्या मुलाला हा अडीच किलोमीटरचा तोटा कळणारही नाही. पुढचे चक्र लहान करूनही हाच परिणाम साधता येतो, पण त्यासाठी ३६ च्या जागी २९ दात्यांचे चेनव्हील शोधावे लागेल. म्हणजे मागचे चार दाते पुढच्या सात दात्यांचे काम करतात. शिवाय साध्या सायकलीची १६, १८, २० आणि २२ दात्यांची फ्रीव्हील बहुधा एकाच मापाच्या आट्यांवर बसतात. चार दाते वाढल्यावर एकतर मागचे चाक खाचेत अर्धा इंच पुढे सरकवावे लागते किंवा चेनला एक इंचाची जोड द्यावी लागते. सायकलवाल्याकडे हे काम थोड्या वेळात होते, फक्त आट्यांना ग्रीस लावायला सांगावे, कारण पायडल मारता मारता फ्रीव्हील आपोआप इतके घट्ट बसते की पुढे ते सोडवताना घाम फुटतो.

क्रँकच्या लांबीचा विचार आपल्याकडे जवळजवळ होतच नाही. उंचीच्या दहाव्या हिश्श्याइतका क्रँक असावा, असा एक ढोबळ ठोकताळा आहे. त्यानुसार १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलाला १२० मिलिमीटरचा क्रँक हवा, पण या मापाच्या सायकलींना पुष्कळदा १४० ते १५२ मिलिमीटरचे क्रँक असतात. लांब क्रँकमुळे पायडल वर आले की गुडघा पोटाशी येतो आणि मूल ओणवे होऊन कमरेतून डोलू लागते. मात्र क्रँक आखूड केला की तरफेचा फायदाही घटतो; १५२ वरून १२७ वर आल्यास त्याच चढाला वीस टक्के अधिक दाब लागतो, म्हणून क्रँक बदलताना फ्रीव्हीलचे दातेही वाढवणे भाग पडते. लहान सायकलींत एकाच पोलादी सळईला वळण देऊन घडवलेला अखंड क्रँक सर्रास आढळतो. त्याच्या पायडलचे आटे सहसा अर्ध्या इंचाचे, तर तीन भागांच्या क्रँकचे नऊ-सोळांश इंचाचे असतात. नवे पायडल आणायला जाताना जुने खिशात टाकून नेणे उत्तम. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, हेही ध्यानात ठेवावे.

मागच्या पिढ्यांनी यातले काहीच पाहिले नव्हते, हे खरे. तासाच्या भाड्याने आणलेल्या मोठ्या काळ्या सायकलीच्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारणाऱ्या मुलांच्या वाट्याला २८ इंची चाक आणि पुढे ४४ किंवा त्याहून अधिक दाते येत. ती मुले शिकली ती चिकाटीवर. त्यावरून ती जुळणी मुलांसाठी योग्य होती असे ठरत नाही.

आता गिअरविषयी. तीन चेनव्हील आणि सात चकत्यांचा संच असलेली सायकल एकवीस गिअरची म्हणून विकली जाते, आणि एकवीस हा आकडा मुलालाही भुरळ घालतो, पालकांनाही. पुढे २८, ३८, ४८ आणि मागे १४ पासून २८ पर्यंत दाते असलेला संच घेतला, तर २८ ला १४ आणि ४८ ला २४ या दोन्ही जोड्यांचा भागाकार नेमका दोनच येतो. असे कितीतरी गिअर एकमेकांची नक्कल असतात. वरच्या टोकाचा ४८ ला १४ हा गिअर २० इंची सायकलीला एका फेऱ्यात पाच मीटरहून पुढे नेतो, ज्याचा उस्मानपुऱ्याच्या किंवा गारखेड्याच्या गल्लीत मुलाला काडीचाही उपयोग नाही. खरोखर गिअर हवेच असतील, तर पुढे ३२ किंवा ३६ दात्यांचे एकच चक्र आणि मागे १४ ते २८ चा सात चकत्यांचा संच पुरेसा होतो. ३२ ला २८ या सर्वांत हलक्या जोडीवर पाच टक्क्यांच्या चढाला सरासरी पावणेपाच किलोंच्या आत दाब लागतो.

पण चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा डिरेलर २० इंची चाकात जमिनीपासून फार उंच राहत नाही, आणि मुलांच्या सायकली दिवसातून चारदा पडतात. उजव्या अंगावर पडलेल्या सायकलीचा डिरेलर ज्या कानाला टांगलेला असतो तो कान किंचित आत वाकतो, आणि पुढच्या चढावर मुलाने सर्वांत मोठ्या चकतीचा गिअर टाकला की डिरेलर चाकाच्या तारांत शिरतो. त्यामुळे सात-आठ वर्षांपर्यंत मागे १८ किंवा २० दाते असलेली बिनगिअरची सायकलच सरस, असे म्हणायला हरकत नाही.

चेन दोन रुंदीच्या येतात: बिनगिअरच्या सायकलीला आतून एक अष्टमांश इंच रुंद, गिअरच्या सायकलीला तीन-बत्तीसांश. जाड दात्यांच्या चक्रावर अरुंद चेन बसतच नाही. बसवलेली चेन मधोमध बोटाने वरखाली केली असता अर्धा इंच हलावी. त्याहून सैल असेल तर ती उतरते, आणि उतरलेली चेन चढवायला मुले सरळ बोटे घालतात. एका हाताने चेन धरून दुसऱ्याने पायडल फिरवताना बोट दात्यांत सापडण्याचा धोका असतो, म्हणून पूर्ण चेन कव्हर ही शोभेची वस्तू समजून काढून टाकू नये. उन्हाळ्यात मुरमाची धूळ आणि पावसाळ्यात काळी चिकण माती, अशा दोन्ही गोष्टी येथे चेनच्या वाट्याला येतात. त्यावर स्वयंपाकघरातले गोडेतेल सोडले की त्याचा चिकटा होऊन धूळ अधिकच धरते. शिलाई मशीनचे पातळ तेल कडीकडीवर थेंबभर सोडून वरचे पुसून घेतलेले चालते, फक्त ते वरचेवर द्यावे लागते.

पुढे मूल २४ इंची सायकलीवर गेले की तेच दाते वीस टक्क्यांनी जड होतात, कारण चाकच मोठे झालेले असते. तेथे हिशेब पुन्हा मांडावा लागतो. २० इंची सायकलीचे काढलेले १६ दात्यांचे फ्रीव्हील तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेले बरे. मूल पस्तीस किलोचे झाले आणि सायकल तीच राहिली, तर ते पुन्हा त्याच आट्यांवर चढवता येते.